मितिनीने मागितलं ते

माझ्या सुनेच्या जिभेला हाड नाही, हे आमच्या डोंगरावरच्या शेळ्यांनाही ठाऊक आहे. खिमकुमारी पुन तिचं नाव. घरात आम्ही खिमा म्हणतो. प्रदेश सभेत ती बोलायला उभी राहिली की मंत्री लोक उगाच फायली चाळायला लागतात. बाजारात मला 'आमदाराची आमा', म्हणजे आई, म्हणून बसायला स्टूल मिळतं, चहा मिळतो, आणि चहा संपेपर्यंत रस्त्याच्या, विजेच्या, जावयाच्या बदलीच्या तक्रारीही मिळतात. मी म्हणते, बाबांनो, मी नाचणीची दारू गाळणारी बाई, मला कसलं सांगता? पण चहा पिते.

ही जीभ साऱ्या जगावर चालते. माझ्यावरही चालते, मी तरी कुठे कमी आहे, आमचं घर त्या बाबतीत अगदी भरलेलं. चालत नाही ती एकाच बाईवर. आणि तिच्यावर चालू नये ही सोय मीच करून ठेवलेली.

त्याचं असं झालं. आमच्या ढुंगेखर्कात पाण्याची धार एकच. वरच्या वस्तीत आम्ही मगर जातीचे, खालच्या वस्तीत बाहुन, म्हणजे ब्राह्मण, आणि मधोमध दगडातून पडणारी ती धार. खिमा नवी सून, रिजालांची पवित्राही नवी सून. दोघी नेमक्या एकाच वेळी घागर घेऊन यायच्या. खिमा बोलायची. पवित्रा बोलायचीच नाही. ती शांतपणे खिमाची भरलेली घागर उचलायची आणि मातीत ओतून द्यायची. मग खिमा रिजालांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. एकदा खिमाने तिची वेणी धरली आणि तिने खिमाच्या मनगटाचा चावा घेतला. तोवर ठीक होतं. पण दुसऱ्या दिवशी दोन्ही वस्त्यांतले पुरुष विळे घेऊन धारेवर जमले, आणि बायकांच्या भांडणात पुरुष शिरले की ते भांडण राहत नाही, खटला होतो.

पिंपळाच्या चौथऱ्यावर पंच बसले. कुणी म्हणालं वेळा ठरवून द्या, कुणी म्हणालं दोघींनाही माहेरी पाठवा. मी म्हटलं, "यांची मित लावून टाका. ब्याद जाईल."

पवित्राच्या सासूला पटलं. पुरोहित आला. दोघींना समोरासमोर बसवलं, एकमेकींच्या कपाळाला दही-अक्षतांचा टिळा लावायला लावला, चोळीच्या कापडांची अदलाबदल झाली, आणि झाल्या दोघी एकमेकींच्या मितिनी. मितिनी म्हणजे सख्ख्या बहिणीहून वर. सख्ख्या बहिणीशी भांडता येतं, मितिनीशी येत नाही. तिचं नाव घ्यायचं नाही, तिला वाकडा शब्द बोलायचा नाही, रिकाम्या हाताने तिला भेटायचं नाही. आणि मितिनीने काही मागितलं, तर नाही म्हणायचं नाही. म्हणून शहाण्या बायका मितिनीकडे काही मागतच नाहीत.

टिळा लावताना दोघींची तोंडं कडू काकडी खाल्ल्यासारखी झाली होती. पुढे कितीतरी दिवस धारेवर नवाच तमाशा.

"आधी तुम्ही भरा, मितिनी."

"छे छे, आधी तुम्ही."

"तुम्ही आधी आलात."

"म्हणून काय झालं? तुमची घागर मोठी."

पाणी वाहून चाललंय, दोघी हात जोडून उभ्या, आणि मागे बायकांची रांग चरफडतेय. माझी जाऊ म्हणाली, "दिदी, यापेक्षा वेण्या ओढत होत्या तेच बरं होतं, निदान पाणी तरी मिळायचं."

पण सवयीने माया लागते म्हणतात ते काही खोटं नाही. माझा मुलगा मलेशियाला गेला, पवित्राचा नवरा कतारला. दोघी धारेवर बसून एकाच वेळी रडायच्या, मग एकाच वेळी हसायच्या. खिमाचं दुसरं बाळंतपण अडलं तेव्हा तिला डोकोत बसवून, म्हणजे पाठीवरच्या करंडीत, बाजारापर्यंत उतरवावं लागलं. त्या उतरणीवर पवित्रा पूर्ण वाट तिचा हात धरून चालली. घोट्यापर्यंत चिखल, पण हात सोडला नाही. त्या दिवसापासून मी पवित्राला मनातल्या मनात माझी दुसरी सून धरलं. खिमालाही तसं बोलून दाखवलं. ती म्हणाली, "बरंच झालं, अर्धा सासुरवास तिला द्या."

खिमाचं राजकारण सुरू झालं ते आमा समूहापासून. बायकांच्या या गटाने गावात पत्त्यांचे अड्डे बंद केले, शाळेत न येणाऱ्या मास्तरला घरून हाताला धरून आणलं. तिथून ती वॉर्डात निवडून आली. मग पक्षाने तिला प्रदेश सभेत घेतलं, पण यादीतून. बायकांच्या काही जागा पक्ष यादीतून भरतात. लोक मत पक्षाला देतात, नाव पक्ष ठरवतो. सभेत पहिल्याच वर्षी तिने डोको आणला. दारावरच्या शिपायाने अडवलं, सामान आत नेता येत नाही म्हणाला. ही आत गेली आणि सभापतींना म्हणाली, "डोकोला आत येता येत नसेल तर आरोग्यमंत्र्यांना जरा बाहेर पाठवा. त्यांनी त्यात बसून एकदा डोंगर उतरून दाखवावा. आमच्या बाळंतिणी रोज उतरतात." मंत्री अंगाने भरलेले होते. सारी सभा हसली, आणि त्याच वर्षी आमच्या बाजारात प्रसूतिघर झालं. आता उतरणीवर डोको दिसतो तो शेणाचा किंवा बटाट्यांचा.

मला वाटलं होतं, झालं, सून जिंकली. पण ती एकदा सुट्टीला घरी आली ती गप्प. खिमा गप्प म्हणजे आजारी, म्हणून मी जिऱ्याचं पाणी उकळायला ठेवलं. तेव्हा म्हणाली, "आमा, कितीही काम करा, ते सभेत हसतात. एक जण परवा तोंडावर म्हणाला, आम्ही लोकांनी निवडलेले, तुम्ही यादीतल्या. पाहुण्याने पाहुण्यासारखं राहावं."

"तू काय म्हणालीस?"

"काहीच नाही. खरंच होतं ते."

तिला उत्तर सुचलं नाही हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. चुलीतल्या लाकडाशी खेळत ती म्हणाली, "एकदाच, आमा. एकदाच लोकांनी स्वतःच्या हाताने शिक्का मारून मला पाठवावं. मग मी मेले तरी चालेल."

"मेलीस तर जनावरांचं कोण बघेल?" मी म्हटलं.  पोरीला खुर्ची नको होती, शिक्का हवा होता.

थेट जागेचं तिकीट पक्ष बायकांना देत नाही. तिथे पुरुषांनाच पुरत नाही. खिमाने पक्षाच्या ऑफिसच्या दारात चटई टाकली आणि बसली. तिच्या पक्षाचा जिल्ह्याचा पुढारी कर्णबहादुर, स्वभावाने भित्रा, तिच्या जिभेला फार घाबरतो. त्याने वर कळवलं की हिला तिकीट द्या, नाहीतर मला दुसरा जिल्हा द्या. मिळालं तिकीट. मी घरात एक कोंबडा कापला आणि शेजारपाजारी वाटला.

पण समोरच्या पक्षात दामोदर म्हणून एक पुढारी आहे. गोड बोलून गळा कापणारा. त्याने विचार केला, या बाईसमोर कुठलाही गडी उभा केला तर ती त्याची सालटी काढील. हिच्यापुढे असं माणूस पाहिजे की हिचं तोंडच उघडणार नाही. आणि त्याने तिकीट देऊ केलं पवित्राला.

पवित्रा वर आमच्या घरी आली, ओच्यात काकड्या घेऊन. खिमाच्या हातात काकड्या देऊन म्हणाली, "मितिनी, मला उभं राहा म्हणतायत. तुम्ही नको म्हणालात तर मी नाही राहणार."

आता नको म्हणणं म्हणजे मागणंच झालं की! खिमा म्हणाली, "राहा की, मितिनी. तुम्हीही काही कमी नाही आहात."

माझ्या हातातली पळी कढईत पडली. पवित्रा गेल्यावर मी खिमाला म्हटलं, "अगं, त्या दामोदरने तुझ्या तोंडाला कुलूप लावलं, आणि किल्ली म्हणून तिला पाठवलं."

"माहीत आहे मला."

"मग?"

"तिचे डोळे बघितलेत, आमा? जन्मभर गप्प राहिलेल्या बाईला पहिल्यांदा कुणी माईक देतंय. दामोदरच्या पोटात काहीही असो, तिच्या पोटात नाही."

ते मीही बघितलं होतं. महिला सहकारी संस्थेचा सगळा कारभार तिने असा चालवला होता की कुणाला बोट दाखवायला जागा नव्हती, आणि तरी गावात तिला लोक 'रिजालांची गप्प सून' म्हणायचे. तिलाही काहीतरी हवंच असणार. मला राग येत होता आणि कुणावर काढावा हे कळत नव्हतं; शेवटी कोंबड्यांवर काढला.

मग प्रचार म्हणून जे काही झालं, ते डोंगराने कधी बघितलं नव्हतं. पायवाटेवर दोन्हीकडच्या मिरवणुका समोरासमोर यायच्या. झेंडेवाले एकमेकांवर ओरडायचे, आणि मधून या दोघी पुढे होऊन एकमेकींना नमस्कार करायच्या. खिमा पिशवीतून पेरू काढायची, पवित्रा संत्री काढायची.

"दमलात का, मितिनी?"

"नाही हो. तुमचा घसा बसलेला दिसतो. ज्येष्ठमध देऊ?"

"आहे माझ्याकडे. पुढची चढण निसरडी आहे, जपून जा."

आणि मागे दोन्ही पक्षांचे लोक कपाळाला हात लावून उभे.

प्रचारसभेत तर आणखीच हाल. लोक कोसभर चालून खिमाची जीभ ऐकायला यायचे. ती आपली रस्ता, पाणी, शाळेचं छप्पर एवढंच बोलायची. एक म्हातारा मधेच उठून म्हणाला, "अगं बाई, जरा कुणाला शिव्या तरी दे, एवढं चालून आलो." कर्णबहादुर तिच्या कानाशी लागला, समोरचीबद्दल निदान एक टोमणा मारा म्हणून. ती म्हणाली, "माझी मितिनी चांगली बाई आहे. मला मत द्यायचं तर मी काय करणार ते बघून द्या." लोक उठून चहाला गेले. मिठाशिवाय डाळ कोण खाणार? मी मागे बसून पाहत होते, आणि मला स्पष्ट दिसत होतं की शिक्का हातातून चाललाय.

उमेदवारी अर्ज भरून झाले आणि एका सकाळी बाजारातल्या टीव्हीवर बातमी: काठमांडूत दोन्ही पक्षांची युती झाली. वरती हार-तुरे, खालती गोंधळ. कालपर्यंत दामोदरला लुच्चा म्हणणारा कर्णबहादुर त्याच्या गळ्यात पडला, दाजू-भाऊ झाले. चौकात दोघांनी एकाच बशीतले मोमो खाल्ले, ते बघून मला ओकारी यायची बाकी होती. आता युतीची उमेदवार एकच राहणार. दुसरीने अर्ज मागे घ्यायचा. कुणी, हे वरच्यांनी ठरवलं नाही. स्थानिक पातळीवर समजुतीने बघा म्हणाले. समोर उरला होता एक ठेकेदार, दरवेळी उभा राहतो, दरवेळी पडतो, तरी गुडघ्याला बाशिंग बांधून तयार.

कर्णबहादुर आमच्या अंगणात आला. आनंदाने उड्या मारायचा बाकी होता.

"खिमा दिदी, आता तर अगदीच सोपं. खाली जा आणि मितिनीकडे मागा. ती नाही म्हणू शकत नाही."

"म्हणूनच मागणार नाही."

"अहो, तिकडे दामोदर तिला तेच शिकवतोय. आधी जी मागेल तिची जागा. पाय उचला."

"ती मागणार नाही."

"आणि मागितली तर?"

"तर देईन," खिमा म्हणाली. "चहा घेणार का, दादा, की निघताय?"

तो निघाला. मग मी बसले तिच्यासमोर. "हे बघ, तू मागत नाहीस तर मी मागते. मी मितआमा आहे तिची, मितिनीची सासू म्हणजे आईच, मला ती काय नाही म्हणणार? तुझा शिक्का, तुझी एवढ्या वर्षांची वणवण, सगळं त्या पेरूसंत्र्यांत घालवणार आहेस का?"

"तुम्ही मागितलंत तर ती हसत देईल, आमा. आणि मग मी आयुष्यभर त्या धारेवर तोंड कसं दाखवू? मागून घेतलेल्या खुर्चीपेक्षा यादीतली बरी."

 मी उठून भात वाढला, तो दोघींनीही नुसता चिवडला.

अर्ज मागे घ्यायचा दिवस आला. खिमा लवकर उठली, न्हाली, नवी साडी नेसली. मग परसात जाऊन झाडावरचं सगळ्यांत मोठं पपनस तोडून आणलं आणि ओच्यात घातलं.  निवडणुकीच्या ऑफिसात पपनस कशाला? मितिनीला भेटणार म्हणून. आणि भेटून काय सांगणार? की आता तुम्ही मोकळ्या आहात.

"तू मागे घेतेयस," मी म्हटलं.

"हो."

"तिला विचारलंस?"

"विचारलं तर ती नको म्हणेल. मग घोळ होईल. काम झाल्यावर सांगते."

मी चपला घातल्या. "मी येते. कुणीतरी रडायला पाहिजे ना, तू काही रडणार नाहीस."

जीपमध्ये ती खिडकीतून बाहेर बघत होती, पपनस मांडीवर धरून.  एकदा वळणावर गाडी उसळली तेव्हा पपनस पडलं आणि दोघींनी एकदम हात घातला, तेवढंच.

जिल्ह्याच्या ऑफिसबाहेर ठेकेदार पांढऱ्याशुभ्र कपड्यांत उभा होता. कर्णबहादुर आणि दामोदरही होते, पण वेगवेगळ्या कोपऱ्यांत. आम्ही आत गेलो, आणि बघते तर काय, टेबलासमोर पवित्रा. एका हातात दह्याने भरलेली लाकडी ठेकी, वर केळीचं पान बांधलेलं. दुसऱ्या हातात घडी घातलेला कागद.

खिमाने एका हाताने पपनस पुढे केलं, दुसऱ्या हातात तिचाही अर्ज मागे घ्यायचा कागद. पवित्राने ठेकी पुढे केली. दोघींची नजर एकमेकींच्या कागदांवर गेली.

"हे काय, मितिनी?" खिमा म्हणाली.

"तुमच्या हातात आहे तेच."

"तुम्ही मागे घेताय?"

"तुम्हाला मागायची वेळ येऊ नये म्हणून. तुम्ही?"

"मीही त्यासाठीच."

टेबलामागचा अधिकारी, मफलर गुंडाळलेला तराईचा माणूस, एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघायला लागला. "म्हणजे दोघीही? मग युतीचं कोण उरतं?"

कोण उरतं ते दारातून डोकावून बघतच होतं. ठेकेदाराच्या तोंडावर असं काही हसू पसरलं की काय सांगू. सुंठीवाचून खोकला गेला त्याचा. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ होतो हे ऐकलं होतं. दोघींच्या मायेत तिसऱ्याचा लाभ मी पहिल्यांदाच बघत होते. कर्णबहादुर आणि दामोदर धावत आत आले, एकमेकांच्या अंगावर पडले.

"तुम्ही तो कागद देऊ नका, मितिनी, मी राहते असं म्हणा," पवित्रा म्हणाली.

"छे, तुम्ही राहा."

"तुम्ही आधीपासून आहात."

"म्हणून काय झालं? लोक तुम्हाला मानतात."

तीच धार, तेच पाणी वाहून चाललेलं. मागे रांग चरफडतेय. मी खांबाला टेकून उभी राहिले आणि स्वतःलाच म्हटलं, जुनमाया, ही मित लावायची अक्कल तुझीच बरं का.

अधिकाऱ्याने घड्याळ बघितलं. "बाई, काय ते ठरवा. वेळ संपत आली."

दामोदर पवित्राच्या कानाशी लागला. हळू बोलला, पण मला ऐकू आलं. "मागा आता. तोंड उघडा आणि मागा. ती नाही म्हणणार नाही."

 पवित्राने ठेकी टेबलावर ठेवली आणि पान सोडलं. दह्यावर सायीचा जाड थर होता. ती म्हणाली, "मितिनी, एवढ्या वर्षांत मी तुमच्याकडे काही मागितलं नाही. आज मागते."

खोलीत सगळे थांबले. दामोदर हसला. ठेकेदाराचं हसू गेलं. खिमाचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही; डोंगर उतरताना डोकोत बसली होती ना, तसा. पण मान ताठ.

"मागा," ती म्हणाली.

"तुमच्या हातातला तो कागद द्या."

खिमाला कळलं नाही. कुणालाच कळलं नाही. तिने कागद दिला, देणं भागच होतं. पवित्राने तो घेतला, दोन घड्या आणखी घातल्या, आणि दह्यात खोल बुडवला. बोटाने सायीखाली दाबला. मग पदराला बोट पुसून आपला कागद अधिकाऱ्यापुढे ठेवला. "हा माझा. घ्या, शिक्का मारा."

"मी दुसरा लिहीन," खिमा म्हणाली. 

"लिहाल कशा? मागितलेलं दिलंत. दिलेलं परत घेता येतं का, मितआमा?" तिने मला विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "नाहीच घेता येत."

अधिकाऱ्याने शिक्का मारला. दामोदर भिंतीकडे बघत राहिला. पवित्रा खिमाला म्हणाली, "आणि आता एक ऐका. मी समोर नाही. तो ठेकेदार आहे, तो काही तुमचा मित नाही."

खिमा रडली. भर ऑफिसात, अधिकाऱ्याच्या टेबलावर डोकं ठेवून रडली. मी आले होते रडायला, पण मला हसूच येत होतं. आणि पवित्राकडे बघून हसू थांबलं. ती पपनस दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी होती, आणि तिच्या डोळ्यांतली ती माईकवाली चमक गेली होती. तिने काय दिलंय हे तिला चांगलं ठाऊक होतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करणार होते?

घरी येऊन मी ठेकीतून कागद काढला आणि उरलेलं दही आम्ही भातावर घेतलं. चांगलं लागलेलं दही टाकायची आमच्यात रीत नाही.

पुढच्या सभेला तो म्हातारा पुन्हा आला होता. खिमाने त्याला नाराज केलं नाही. महिनाभर साठवलेलं सगळं तिने ठेकेदाराच्या अंगावर ओतलं: त्याने बांधलेला रस्ता, जो आषाढात नदीला जाऊन भेटला, त्याने बसवलेले नळ, ज्यांतून फक्त हवा येते, त्याचे पांढरे कपडे, जे कामाच्या जागी कधी मळले नाहीत. लोक पोट धरून हसत होते. पवित्रा व्यासपीठावर शेजारी बसून तिला पाण्याचा पेला पुढे करत होती. मतदानाच्या दिवशी मी पडद्यामागे गेले, कागद दोनदा नीट बघितला आणि स्वस्तिकाचा शिक्का असा दाबला की खालचं टेबल हललं.

मोजणीत ठेकेदार पडला, नेहमीप्रमाणे. खिमा आली ती गुलालाने लाल होऊन, गळ्यात झेंडूच्या माळा, हातात निवडून आल्याचं प्रमाणपत्र. अंगणात बाजा वाजत होता, माझी दारू संपत होती. तिने मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "आमा, ती ठेकी कुठे आहे?"

धुऊन ठेवलेली ठेकी मी दिली. भांडं रिकामं परत करायचं नसतं. मी म्हटलं, थांब, तांदूळ घालते. तिने ऐकलं नाही. हातातल्या प्रमाणपत्राची गुंडाळी केली, ठेकीत घातली, वर केळीचं पान बांधलं, आणि बाजेवाल्यांना तिथेच सोडून उतरणीला लागली.

प्रमाणपत्र तेव्हापासून रिजालांच्या घरात आहे. पवित्राने काच लावून देवांच्या शेजारी टांगलंय. तिची सासू आधी कुरकुरली, आता येणाऱ्याजाणाऱ्याला स्वतःच दाखवते. शपथेच्या दिवशी तो कागद लागतो म्हणून खिमा खाली गेली, पिशवीत पेरू घेऊन. मी सोबत होते. दारात जाऊन ती उभी राहिली आणि तिला काही बोलता येईना. मागायचं कसं? एवढी मोठी बोलणारी बाई, नुसती पेरू देऊन पायाने माती उकरत राहिली.

पवित्राने पेरू घेतले. मग आत गेली, भिंतीवरून काच उतरवली, पदराने पुसली, आणि खिमाने न मागता तिच्या हातात दिली. म्हणाली, "शपथ झाली की परत आणा हं, मितिनी."